खांद्याचे माप

टाकानिनी, ऑकलंड
९ मार्च २०२५

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. पाकिटाची डावी कड सुटून पुन्हा चिकटवल्यासारखी दिसते. तू स्वतः चिकटवलीस की तिथल्या कोणी? एवढे आधी कळव, म्हणजे पुढची पत्रे किती मोकळेपणाने लिहायची ते मला ठरवता येईल.

"फोन करू नकोस. फोनवर तू नुसते प्रश्न विचारतोस. पत्रात निदान मध्येमध्ये स्वतःचे काही सांगशील," असे तू विमानतळावर म्हणालीस. म्हणून आधी सांगतो. घर ठीक आहे. मागचे दार रात्री दोनदा तपासतो. श्रीनाथकाकांच्या फोटोला रोज फूल वाहतो. लिंबाला यंदा, तुझ्या लेकीच्या, ईशाच्या भाषेत, हीप्स, म्हणजे ढीगभर लिंबे आहेत. ती रविवारी तिच्या फ्लॅटवरून जेवायला येते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तशातच आमची आमटी संपते. ओटाहुहूच्या वर्कशॉपमध्ये काम भरपूर आहे. किचनच्या ओट्यांचे दगड मीच कापतो आणि लोकांच्या घरी बसवायलाही मीच जातो. रेसिडेन्सीचे सगळे कागद जमले आहेत. फक्त मेडिकल राहिले आहे, ते सवडीने करीन.

आता विचारतो. न्यू लिनला तू शाईचित्रांच्या वर्गाला जात होतीस, इथपर्यंत ठीक. पण दोन टर्म झाल्यावर तिथल्या योकोबाई म्हणतात, जपानला माझ्या भावाकडे जा, चार महिने राहा, दगडाचे काम शिक, राहणे-जेवणे आमच्याकडे. मी बारावी नापास, इथला डिप्लोमाही अर्ध्यावर सोडलेला. मला जगाचे फारसे कळत नाही. पण कोणी कोणाला चार महिने फुकट जेवू घालत नाही, हे कळायला पदवी लागत नाही. हे त्यांचे भाऊ, कुमागाई, कोण? घरात आणखी कोण कोण असते? तुझा पासपोर्ट कोणाजवळ आहे?

तुझा,
नितीश

ता. क. पत्राचे शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. तरी चूक सापडली तर खूण करून पाठव.


कुरोहामा
२३ मार्च

चि. नितीश,
खूप आशीर्वाद.

पाकीट मीच चिकटवलं. गोंद सापडला नाही म्हणून भाताची शितं लावली. पासपोर्ट माझ्या उशीखाली आहे. त्यामुळे मान दुखते, पण तुला झोप लागावी म्हणून सोसते.

गाव समुद्रकाठचं आहे, पण समुद्र दिसत नाही. चौदा वर्षांपूर्वी त्सुनामीनं खालचं सगळं नेलं. मग यांनी डोंगर कापून वर सपाटी केली आणि तिथे घरं बांधली. घरं सगळी एका वयाची, आणि माणसं सगळी म्हातारी. खाली गाव होतं तिथे आता गवत आहे, आणि गवताच्या पुढे भिंत, आपल्या दुमजली घराहून उंच. भिंतीवर चढलं की मग समुद्र. फुमिको, कुमागाईंची बायको, रोज संध्याकाळी चढून बघून येते. "काय बघता?" विचारलं तर म्हणाली, "जागेवर आहे ना, ते."

इथे काळ्या पाटीच्या दगडातून सुझुरी कोरतात. सुझुरी म्हणजे शाई उगाळायचा दगड. आपली सहाण डोळ्यांपुढे आण, तिला एका टोकाला शाई साठायला खळगा दे, की झाली. लाट ओसरल्यावर लोकांनी चिखलातून हे दगड वेचून काढले. अजून ढीग आहेत. मी रोज ते ब्रशनं घासून धुते. तेव्हा तुझी आत्या फुकट जेवत नाही, कळलं?

कुमागाईसान सत्तरीचे आहेत. दिवसभरात जितकं बोलतात तितकं तू दार तपासताना पुटपुटतोस. घरात त्यांचे एक थोरले भाऊही आहेत. ते पडद्याआड स्टोव्हपाशी असतात, जेवायला आमच्यात येत नाहीत.

माझा एकच प्रश्न. खोकला कसा आहे?

तुझी,
आत्या


टाकानिनी
४ एप्रिल

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

खोकला काही नाही. तुला सांगितलेच होते, शेजाऱ्यांच्या कुंपणाला प्रिव्हेट आहे, त्याच्या फुलांचा मला त्रास होतो. इथे निम्म्या लोकांना होतो. कोपऱ्यावरच्या किराणा-डेअरीवाल्याने तर दुकानात सर्दीच्या गोळ्या च्युइंगगमशेजारी मांडल्या आहेत.

सुझुरीबद्दल वाचून बरे वाटले. पण तुझ्या पत्रातल्या काही गोष्टी मला जुळत नाहीत. तू सांगितलेल्या गावाचे रस्ते मी फोनच्या नकाशावर फोटोंसकट पाहिले. घरे नवी आहेत, पण एकाही घराबाहेर कपडे वाळत नाहीत. ज्या गावात कोणी कपडे वाळत घालत नाही तिथे माणसे खरोखर राहतात की फक्त पाहुण्यांना दाखवायला घरे बांधली आहेत? दुसरे, समुद्र रोज जाऊन बघावा लागतो म्हणजे काय? तिसरे आणि मुख्य, थोरले भाऊ पडद्याआड का असतात? जेवायला येत नाहीत की त्यांना येऊ देत नाहीत? तू त्यांना प्रत्यक्ष पाहिले आहेस का? सगळे लिहिलेस आणि त्यांच्याविषयी दोनच वाक्ये लिहिलीस. तू एखाद्या गोष्टीवर दोनच वाक्ये बोलतेस तेव्हा ती गोष्ट मोठी असते, हे मला काकांच्या आजारपणापासून माहीत आहे.

इकडचे सांगायचे तर, रविवारी ईशा मला मांगेरेच्या डोंगरावर घेऊन गेली. मी अर्ध्यावर बसलो. पायातल्या जँडलचा पट्टा सैल झाला होता. ती वर जाऊन फोटो काढून आली. हवा छान होती. रात्री मी हल्ली काकांच्या आरामखुर्चीत झोपतो. तिथून पुढचे दार दिसते, त्यामुळे निश्चिंत वाटते.

थोरल्या भावांविषयी सविस्तर लिही.

तुझा,
नितीश


कुरोहामा
२० एप्रिल

चि. नितीश,

आज वेळ कमी आहे. मी धुण्यावरून बढती मिळून कोरण्यावर आले आहे. हात अजून मऊ आहेत म्हणून सगळे हसतात. ईशाला एक फोटो पाठवला आहे, ती तुला दाखवील.

एक काम कर. जमिनीवर मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून ताठ बस. जमिनीपासून उजव्या खांद्याच्या खळग्यापर्यंतचं माप घे आणि पाठव. ईशाला मोजायला सांग, तू एकटा करशील तर तीनदा करूनही शंका घेशील. कशासाठी ते आत्ता विचारू नकोस.

थोरले भाऊ आहेत. पाहिले आहेत. बोललेही आहे.

मेडिकल झालं का? त्यात छातीचा एक्स-रे असतो ना?

आत्या


टाकानिनी
२ मे

ती. आत्या,

फोटो पाहिला. ईशा म्हणाली, "शी लुक्स सो हॅपी, दादा. स्वीट ॲज." म्हणजे तिच्या मते सगळे मस्त. मी बोटांनी मोठा करून पाहिला. तुझ्या टीशर्टचा गळा उजवीकडे सरकला आहे आणि तिथे, मानेच्या खाली खांद्याकडे, निळाकाळा डाग आहे. कडेने पिवळसर, म्हणजे आधीचा, आणि मध्ये काळा, म्हणजे नवा. एकदा आपटल्याचा डाग असा दिसत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा मार बसला तर असा दिसतो. ईशाला दाखवले तर म्हणाली, सावली असेल. सावलीला पिवळी कड नसते.

तू डागाविषयी एक शब्द न लिहिता नुसता फोटो पाठवलास. थोरल्या भावांवर या वेळी तीन वाक्ये, आणि तीही दोन-तीन शब्दांची. आणि माझे माप मागतेस, कशासाठी ते सांगत नाहीस. माप कोणाला हवे आहे? तुला की त्यांना? तुझ्याकडून हे पत्र कोणी लिहवून घेतले असेल तर पुढच्या पत्रात काकांचे नाव चुकीचे लिही, मी समजेन.

मला तिकिटाचे पैसे जमवून तिकडे येता आले असते तर आलो असतो. पण व्हिसा वर्कशॉपच्या नावावर आहे, रेसिडेन्सीचे व्हायचे आहे, आत्ता देशाबाहेर पाऊल टाकायची भीती वाटते. म्हणून जे शक्य होते ते केले आहे. काय केले ते लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्याआधी कोण वाचेल ते मला माहीत नाही.

माप पाठवत नाही.

खोकला प्रिव्हेटचाच आहे. मेडिकल अजून नाही. मशीनवर कापताना पाणी असते, पण लोकांच्या घरी सिंकची कड घासताना पाणी चालत नाही, घर खराब होते, त्यामुळे थोडी धूळ होते. मास्क असतो. तू उगाच काळजी करतेस.

स्वतःची काळजी घे. रात्री दाराला आतून काही लावता येते का?

नितीश


कुरोहामा
१४ मे

नितीश,

काकांचं नाव श्रीनाथ. श्री-ना-थ. बरोबर लिहिलं आहे, तेव्हा हे पत्र माझंच आहे असं समज आणि बसून वाच.

परवा सकाळी आम्ही कामाला बसलो होतो. दारात तालुक्याच्या कचेरीतला टाय घातलेला एक मुलगा आणि एक पोलीस बाई. दोघं आधी वाकले, मग बूट काढले, मग पुन्हा वाकले. मुलानं माझ्यापुढे फोन धरला, आणि फोनमधली बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "आपणांस या ठिकाणी ताडन होते काय?"

मला वाटलं मी झोपेत आहे. म्हटलं, "काय होतं?"

"ताडन. आपल्या नातलगाने कळविले आहे की आपल्या स्कंधावर व्रण आहेत."

नातलगानं! तू कचेरीला पाठवलेलं पत्र त्यांनी एका मशीनमधून जपानीत आणि दुसऱ्या मशीनमधून परत मराठीत करून मला ऐकवलं. कुमागाईसान मला बांधून ठेवतात, त्यांचा एक भाऊ पडद्यामागे कोंडलेला आहे आणि गाव कपडे वाळत घालत नाही, असं त्यात होतं. कुमागाईसान हातातली छिन्नी खाली न ठेवता ऐकत होते. माझे कान तापले. सत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं मला स्वतःच्या आईची उशी दिली, त्याच्यासमोर मी मान वर करू शकेना.

मग फुमिको हसायला लागली. ती उठली, माझा गळा बाजूला सरकवून पोलीस बाईला डाग दाखवला. मग स्वतःचा गळा सरकवला. तिथे तसाच डाग, पण माझ्यासारखा निळा नाही, तपकिरी, टाचेच्या कातड्यासारखा घट्ट. कुमागाईसाननी वरचं बटण काढलं. त्यांचा तर अर्ध्या लिंबाएवढा. टायवाला मुलगा म्हणाला, "माझ्या आजोबांनाही होता," आणि इतका खाली वाकला की टाय दगडाच्या पाण्यात बुडाला.

अरे, इथे छिन्नीला हातोडी मारत नाहीत. छिन्नीचा दांडा हाताएवढा लांब असतो, त्याचं टोक खांद्याच्या खळग्यात रोवायचं आणि सगळ्या अंगानं ढकलायचं. दगड ओला, छिन्नी ओली, आपण ओले. दांडा ज्याचा त्याच्या मापाचा कापतात, बसल्यावर जमिनीपासून खांद्यापर्यंत. दुसऱ्याच्या मापाचा घेतला तर खांदा निकामी होतो. मी नवी, म्हणून मला निळं झालं. मी फोटोत डाग लपवते आहे असं फुमिकोला वाटलं असतं तर तिनं रागानं गळा अजून ओढला असता. इथे तो डाग मिरवतात.

पोलीस बाई गेल्यावर कुमागाईसान कोरता कोरता काहीतरी पुटपुटले. मग फुमिकोनं मला फोनवर टाइप करून दाखवलं, ते काय म्हणाले ते: "ज्याला इतक्या लांबून तुझा खांदा दिसला, त्याला स्वतःचा खांदा आहे ना? मग माप का देत नाही?"

आता माझं ऐक. माझी पाळी.

प्रिव्हेट डिसेंबरात फुलतं आणि तिथल्या उन्हाळ्याबरोबर, मार्चपर्यंत संपतं. आज मे आहे. मी त्या देशात सत्तावीस वर्षं काढली आहेत, मला फुलं शिकवू नकोस. जँडलचा पट्टा! तू प्रत्येक जोडीचे पट्टे घालायच्या आधी ओढून बघतोस. आणि काकांच्या खुर्चीत तू दारासाठी झोपत नाहीस. आडवं झालं की दम लागतो म्हणून झोपतोस. काकाही शेवटी त्याच खुर्चीत झोपायचे, ते विसरलास का?

थोरल्या भावांबद्दल दोनच वाक्यं का लिहिली विचारलंस. त्यांनी सुझुरी कधी कोरली नाही. तरुणपणी गाव सोडून शहरातल्या कारखान्यात गेले आणि यंत्रावर कोरडा दगड कापला. पडद्याआड असतात कारण त्यांना कोणी कोंडलेलं नाही, त्यांनाच लाज वाटते, जेवताना खोकला थांबत नाही म्हणून. पहिल्या रात्री तो खोकला पडद्यातून आला आणि मी उठून बसले. मला वाटलं तू माझ्यामागोमाग आलास की काय. तोच खोकला मी टाकानिनीच्या भिंतीतून वर्षभर ऐकला होता. त्या दिवसापासून मी तुला प्रत्येक पत्रात तेच विचारते आहे, आणि तू मला माझा पासपोर्ट कुठे आहे ते विचारतोस.

तू मेडिकल का लांबवतोस ते मला कळतं. एक्स-रे काढला तर रेसिडेन्सी जाईल, असं तुला वाटतं. न काढला तर छातीत जे आहे ते जाईल का? माझा फोटो बोटांनी मोठा करून बघितलास. तुझा स्वतःचा एक काढ.

मी तुला इथे राहायला बोलवत नाही. पण तुझा हात दगडात चांगला आहे. त्याला दगडच हवा असेल तर ओला असू दे. म्हणून माप मागितलं.

कुमागाईसानची माफी मी मागितली आहे. तुझी तू माग.

आत्या


कुरोहामा
३ जून

नितीश,

पत्र नाही. ईशा म्हणते, "ही इज फाइन, ममा." मी तिला म्हटलं, त्यानं हे तुला मराठीत सांगितलं की इंग्रजीत?

फोन करणार नाही. तू फोनवर खोटं बोलतोस. पत्रात तुला जमत नाही.

आ.


टाकानिनी
१५ जून

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी ते वाचून कामावर गेलो. पापाटोएटोएला एका घरी ओटा बसवायचा होता. सिंकची कड घासायला घेतली आणि घरातल्या आजी, सामोअन होत्या, खिडकी उघडायला आल्या. मी "किया ओरा" असा नमस्कार करून म्हणालो, "थोडी धूळ होईल." त्या म्हणाल्या, "तुला होईल, बेटा. मी बाहेर जाते." त्या गेल्या. मी मशीन बंद करून खाली बसलो, आणि उठताना ओट्याला धरूनच उठावे लागले. मग मी पाणी मागून घेतले आणि कड ओली करून घासली. त्यांची फरशी खराब झाली. साहेबांनी फोनवर बरेच ऐकवले. मी ऐकून घेतले.

ईशाला खरे सांगितले. मराठीत. ती पहिल्यांदा मराठीत बोलली: "दादा, गाडीत बस."

आधी एक्स-रे झाला, मग त्यांनी मोठ्या मशीनमध्ये घातले. आडवे झोपायचे होते, तेच अवघड गेले. आतून आवाज येतो: श्वास घ्या, धरा, सोडा. मला तिन्ही वेळा धरता आला नाही. तिथल्या बाई फार समजूतदार होत्या, "नो वरीज, पुन्हा करू," म्हणाल्या. ईशा काचेमागे उभी होती.

दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला डाग आहेत. लहान आहेत, पण पुष्कळ आहेत. ते जाणार नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. पण आत्ता धूळ थांबवली तर वाढायचे थांबू शकतात, किंवा सावकाश वाढतील. काय होईल ते आज कोणी सांगत नाही. मी "नक्की सांगा" असे तीनदा विचारले. आणखी एक वर्ष असाच घासत राहिलो असतो तर काय झाले असते, ते मात्र त्यांनी लगेच सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. तू थोरल्या भावांच्या पडद्याशेजारी राहतेस, तुला माहीत आहे.

वर्कशॉप सोडले. कामामुळे झालेला आजार म्हणून कागद भरायला डॉक्टरांकडच्या एक बाई मदत करत आहेत. व्हिसाचे काय होईल ते कळत नाही. त्याची भीती आहे तेवढीच आहे, कमी झालेली नाही. पण रात्री आता दार एकदाच तपासतो.

सोबत कुमागाईसानना द्यायचे वेगळे पत्र आहे. मशीनमधून भाषांतर केलेले नाही, योकोबाईंकडे न्यू लिनला जाऊन बसून लिहून घेतले. त्या लिहिताना दोनदा हसल्या. काय हसलात विचारले तर म्हणाल्या, आमच्या गावात कपडे घरात वाळवतात, बाहेर वाळवले तर खारे होतात. हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. थोरल्या भावांना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावे, जेवायला बाहेर बसावे. आम्हाला खोकला ऐकायची सवय आहे.

आता मापाचे. मी तुझ्या आणि काकांच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून बसलो. ईशाने टेप धरली. तिने मोजले, मी पाहिले, तिने पुन्हा मोजले. दोन्ही वेळा माप वेगळे आले. ती म्हणाली, "दादा, स्टॉप ब्रीदिंग."

छाती भरून श्वास घेतला की खांदा वर जातो आणि सोडला की खाली येतो. फरक बोटभर तरी पडतो. दांडा एकदा कापला की कापला, म्हणून मी अजून आकडा लिहीत नाही. कुमागाईसानना विचार: माप घेताना श्वास आत घेऊन बसायचे की सोडून?

तुझा,
नितीश